आधी चाक फिरवून पाहा, मग बॅटरी वाढवा



गाडीच्या आसाला वंगण नसले तर आपण तिसरा बैल जुंपत नाही, वंगण घालतो. पण जुनी मोटार विजेवर करून घेतली आणि ती लांब पल्ला गाठेना, की मोठी बॅटरीच डोळ्यांपुढे येते. ती महाग, शिवाय तिचं ओझं गाडीनंच ओढायचं.

हिशेब बघा. बॅटरीत १० युनिटे आणि १०० किलोमीटरला खर्च २० युनिटे, तर पल्ला ५० किलोमीटर. कबनूरहून कोल्हापूरला जाऊन यायचं म्हणजे गाडी वाटेतच बसायची! खर्च १६ युनिटांवर आणला, तर तीच बॅटरी ६२ किलोमीटर नेते.

सपाट जागी, इतर चाकांना उटी लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एकेक चाक जॅकवर उचला व हाताने फिरवा. जड फिरले तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग गेलंय. टायरमध्ये ठरलेली हवा ठेवा, अलाइनमेंट तपासा, डिकीतले फालतू ओझे उतरवा. ६० ऐवजी ८० च्या वेगाने गेल्यास वाऱ्याचा अडथळा पावणेदोन पट होतो. तेव्हा दमानं चला.

बॅटरीच्या वायरिंगला मात्र घरी हात लावू नये. ते जाणकाराचे काम.