संमतीची चोरी

सावकाराच्या कागदावर अंगठा उमटवणाऱ्या कुळाला कागदात काय लिहिले आहे हे ठाऊक नसे. पण अंगठा मात्र त्याचाच असे. कामगार चळवळीत उमेदीची वर्षे घालवलेल्या आम्हांला संमतीची ही चोरी अपरिचित नाही. तीच आज संगणकाच्या पडद्यावर होते. तिला क्लिकजॅकिंग म्हणतात. रॉबर्ट हॅन्सन व जेरेमाया ग्रॉसमन या तज्ज्ञांनी २००८ साली हे नाव रूढ केले.

युक्ती साधी आहे. एका वेबपानात चौकट करून दुसरे पान बसवता येते. नकाशा किंवा पैसे भरण्याची खिडकी अशीच बसवलेली असते. लबाड माणूस आपल्या पानावर 'बक्षीस घ्या' असे बटण रंगवतो आणि जेथे तुमचे खाते उघडे आहे अशा संस्थेचे पान पारदर्शक करून त्यावर नेमके बसवतो. बोट पडते बक्षिसावर, हुकूम सुटतो तुमच्या खात्यावर! फेब्रुवारी २००९ मध्ये ट्विटरवर असेच झाले. 'डोन्ट क्लिक', म्हणजे 'दाबू नका', हे बटण लोकांनी कुतूहलाने दाबले, आणि तोच संदेश त्यांच्या नावाने पसरत गेला.

येथे 'सावध राहा' हा उपदेश व्यर्थ आहे. जे दिसतच नाही त्यापासून माणूस सावध कसा राहणार? जबाबदारी पानाच्या मालकाची आहे. पानाबरोबर ब्राउझरला ज्या सूचना जातात त्यांना हेडर म्हणतात. २००९ साली मायक्रोसॉफ्टने 'एक्स-फ्रेम-ऑप्शन्स' हे हेडर आणले. त्यातील 'डिनाय' म्हणजे कोणाच्याही चौकटीत बसणार नाही. 'सेमओरिजिन' म्हणजे फक्त स्वतःच्याच.

परंतु जे अनुप्रयोग दुसऱ्याच्या पानात बसण्यासाठीच बांधलेले असतात त्यांचे काय? त्यांना सरसकट बंदी परवडत नाही. त्यांच्यासाठी 'कन्टेन्ट-सिक्युरिटी-पॉलिसी' या हेडरमध्ये 'फ्रेम-अ‍ॅन्सेस्टर्स' हे कलम आहे. त्यात परवानगी दिलेल्या स्थळांची नावे लिहायची. यादीबाहेरच्याला प्रवेश नाही. चौकटीत चौकट असली तरी बाहेरची प्रत्येक चौकट तपासली जाते. मात्र हे कलम हेडरमधूनच पाठवावे लागते. पानाच्या मजकुरात घातले तर ब्राउझर ते मानीत नाही.

खर्च म्हणाल तर एका ओळीचा. तेव्हा आपल्या पतपेढीच्या वार्षिक सभेत संचालकांना अवश्य विचारा: आपले पान कोणाकोणाच्या चौकटीत उघडू शकते, आणि ती यादी कोणी मंजूर केली?