जुन्या कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका

कर्जत-खालापूरकडील जुन्या घराच्या कपाटातून बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनविलेला अ‍ॅग्फा क्लिक-३ निघाला, तरी त्याची माहितीपुस्तिका इकडच्या पावसाळी दमटपणाने आणि कसरीने बहुधा नष्ट केलेली असते. क्लिकचे फारसे अडत नाही. १२० क्रमांकाच्या फिल्मवर बारा चौरस चित्रे घेणारे ते सुबोध यंत्र आहे. परंतु झोर्की-४ सारखा सोव्हिएत कॅमेरा हाती आला, तर पुस्तिका मिळेपर्यंत त्यास हातही लावू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कारण शटर चढविण्यापूर्वी वेगाची चकती फिरविली, तर आतील नाजूक यंत्रणेस इजा होण्याची धास्ती असते, आणि ही खबरदारी कॅमेऱ्याच्या अंगावर कोठेही नमूद नसते.

पुस्तिकेचा शोध घेताना भिंगाभोवतीच्या मजकुरावर विसंबू नये. तो भिंगाचा तपशील होय. कॅमेऱ्याचे नाव माथ्यावर किंवा पाठीच्या झाकणावर पाहावे, आणि तेच इंटरनेट आर्काइव्हसारख्या सार्वजनिक संग्रहात शोधावे. तंतोतंत पुस्तिका न लाभल्यास त्याच मालिकेतील शेजारच्या नमुन्याची पुष्कळदा उपयोगी पडते. मात्र जुन्या पुस्तिकेतील प्रत्येक सूचना आज पाळता येतेच असे नाही. उदाहरणार्थ, कॅनोनेट क्यूएल-१७ या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत सांगितलेली १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता बाजारातून हद्दपार झाली असून, तिच्याऐवजी १.५ व्होल्टची घातल्यास प्रकाशमापन चुकते.