राखणदाराची साक्ष

दांडेलीहून उळवीला जाताना दाट रानात गुंद लागते. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यातले हे लहानसे गाव. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या एका वनपरिक्षेत्रालाही याच गावाचे नाव आहे. 1956 मध्ये दांडेली अभयारण्य झाले, 1987 मध्ये अणशी राष्ट्रीय उद्यान, 2007 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प आणि 2015 मध्ये त्या प्रकल्पाला काळी नदीचे नाव. रानाचा धनी कोण, हे सरकारी कागदावर असे पुन्हा पुन्हा लिहिले गेले. कागद येण्याआधीही धनी ठरलेला होता, आणि तो माणूस नव्हता.

फ्रान्सिस बुकानन हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर 1801 मध्ये कारवारच्या मुलखातून गेला. इथली राने गावच्या देवांच्या मालकीची असतात, अशी नोंद त्याने केली. झाड तोडायचे तर गावप्रमुखाला, म्हणजे गौडाला, विचारावे लागे, आणि गौडाच देवाचा पुजारी असे. परवानगीसाठी देव काही घेत नसे, पण न विचारता कुऱ्हाड घातली तर कोप ठरलेला. सरकारला रानावर हक्क सांगता येऊ नये म्हणून रचलेली ही युक्ती, असे बुकाननचे मत झाले. कंपनीच्या नोकराला दुसरे काय दिसणार! पण अदृश्य शेजाऱ्यांशी माणसांचे नाते हे मुळात जमिनीचे आणि पाण्याचे नाते आहे, हे त्याने नकळत नेमके टिपले.

गणगोत

परी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पंख आणि जादूची कांडी येते. ती गोष्टीच्या पुस्तकांतून आलेली पाहुणी. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना जे अदृश्य शेजारी राहतात त्यांना पंख नाहीत. त्यांना हद्द आहे.

त्यांची पहिली मोठी शिरगणती एका विचित्र योगाने झाली. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन लोकसमजुतींची माहिती गोळा करत होता. 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाला आला असता अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. त्याची टिपणे आर. ई. एन्थोवेन याने पुढे संपादित केली आणि कोकणाचा खंड 1915 मध्ये निघाला. वेताळ, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, चेडा, झोटिंग. बायकांत हडळ, जखीण, लावसट, अळवंतीण: एवढे गणगोत त्यात आहे. कोणी पिंपळावर, कोणी डोहात, कोणी शिवेवर. प्रत्येकाची जागा वेगळी, मागणे वेगळे.

यातला गोव्या-सिंधुदुर्गातला सर्वांत ओळखीचा गडी म्हणजे देवचार. कुठे त्याला राखणदार म्हणतात, कुठे जागेवाला. त्याचा कारभार ठरलेल्या वाटेपुरता आणि टेकाडापुरता. वर्षाचा मान दिला की तो गुरे सांभाळतो, चुकल्या माणसाला वाटेला लावतो. मान चुकला की त्याच माणसाला रात्रभर एकाच जागी फिरवतो. गाऱ्हाणे घालताना ग्रामदेवतेबरोबर त्याचेही नाव घेतात, आणि जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्यावर शिक्का मारतात.

वेतोबाचा दर्जा त्याहून मोठा. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला त्याला केळीचे घड वाहतात आणि भल्यामोठ्या चामडी वहाणाही. तो रात्री गावाभोवती फेरी घालतो, म्हणून वहाणा झिजतात, असे भक्त सांगतात. पगार नाही, पण पादत्राणांचा खर्च गावाकडे!

पाण्यावर साती आसरांचा हक्क. विहिरीच्या काठी, ओढ्याच्या कडेला शेंदूर फासलेले सात दगड, जवळपास त्यांचा सोबती म्हसोबा, पुढ्यात हिरव्या बांगड्या आणि खण. परंपरेने सांगितलेली त्यांची नावे पाहिली तर मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी अशी मासा, कासव, खेकडा, बेडूक आणि मगर एका रांगेत उभी राहतात. दांडेलीजवळच्या काळी नदीत मगरी आजही आहेत. अशा डोहावर तिन्हीसांजेला पोरांना जाऊ नका म्हणणाऱ्या आजीला भित्री कोण म्हणेल?

पाणी चढले तेव्हा

जोयडा हे तालुक्याचे ठिकाण झाले ते सुपा बुडाले म्हणून. गणेशगुडीजवळ काळी नदीवर बांधलेले 101 मीटर उंचीचे सुपा धरण 1987 मध्ये पुरे झाले. जुने सुपा गाव पाण्याखाली गेले, आणि कितीतरी कुटुंबे रामनगरला वसवली गेली. सरकारी मोजणीत घर, शेत, झाड यांची भरपाई ठरते. देव्हाऱ्यातला देव टोपलीत घालून नेताही येतो. पण शिवेचा राखणदार कसा न्यायचा? तो त्या शिवेपुरताच. शीव बुडाली की त्याचे अधिकारक्षेत्र बुडाले. नव्या वसाहतीत प्लॉटचे नंबर असतात; डोहाची, वळणाची, वडाची नावे पडायला पिढ्या जाव्या लागतात. विज्ञानाच्या उजेडात ही मंडळी पळाली, असे आपण सहज म्हणतो. पुष्कळ ठिकाणी ती विस्थापित झाली आहे.

परदेशातही विकासकामांची आणि अशा अदृश्य मालकांची गाठ पडते, तिथे ती रस्त्यावर. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात लटून इथे 1999 मध्ये नव्या महामार्गाच्या आड एक काटेरी झुडूप आले. मन्स्टरच्या पऱ्या कॉनाख्टच्या पऱ्यांशी लढायला निघतात तेव्हा तिथे जमतात, असे एडी लेनिहन या कथेकऱ्याने जाहीरपणे सांगितले आणि झुडूप तोडू नका असा इशारा दिला. आराखडा बदलला, झुडूप राहिले. त्यासाठी सगळ्या इंजिनियरांना पऱ्या दिसाव्या लागल्या नाहीत. जागेला कोणीतरी आहे, एवढे मान्य करणे पुरले.

आपल्या पडद्यावरही हाच वाद आला आहे. 2022 च्या ‘कांतारा’ने गावाचे दैवत आणि वनखाते समोरासमोर उभे केले, 2025 च्या मराठी ‘दशावतार’ने कोकणातले रान आणि खाण. दोन्ही चित्रपटांना प्रेक्षक लोटले, त्यामागे भुताची हौस असेल, पण जमीन जाण्याची धास्तीही आहे.

भीतीचा बाजार

या जगाची काळी बाजू झाकण्यात अर्थ नाही. बाळंतिणीचा ताप ‘आसरा लागल्या’ म्हणून अंगारा लावून घालवायला बसले, तर जीव जातो. एखाद्या एकट्या बाईवर करणीचा आळ घेऊन तिला गावाबाहेर काढले जाते, तेव्हा तिथे देवचार नसतो. असतो तो भाऊबंदांचा डोळा तिच्या वाट्यावर. महाराष्ट्राने 2013 मध्ये आणि कर्नाटकाने 2017 मध्ये अशा अघोरी प्रकारांविरुद्ध कायदे केले, ते गरजेचेच होते. मात्र शिवेवरचा नारळ आणि भगताची लूट यांत फरक करता आला पाहिजे. पहिल्याने गाव बांधले जाते, दुसऱ्याने ते नागवले जाते.

साक्ष

पहिल्या प्रकारातून, म्हणजे शिवेवरच्या मानातून, काय उरले, ते वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवले. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला. उत्तर कन्नडमधल्या ‘कान’ नावाच्या देवरानांवर एम. डी. सुभाषचंद्रन आणि गाडगीळ यांनी लिहिले. गोव्यात सत्तरीतली निरंकाराची राय तर रानजायफळाच्या दलदलीचा दुर्मीळ तुकडा सांभाळून आहे. कुंपण नाही, पहारेकरी नाही. एक अदृश्य मालक पुरला. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही देवरायांसाठी देशव्यापी धोरण आखावे, अशी शिफारस केली.

जोयड्यातल्या कुणब्यांना या अदृश्य मालकाचा आणखी एक उपयोग आहे. सीमेपलीकडे गोव्यात कुणबी 2003 पासून अनुसूचित जमातीत आहेत. सीमेच्या या बाजूला मात्र तशी मागणी अजून मागणीच आहे. त्यामुळे 2006 च्या वनहक्क कायद्याखाली त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून पंचाहत्तर वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. रानातल्या माणसाकडे एवढा जुना कागद कुठून असणार? पण याच कायद्याचे नियम पुरावा म्हणून पवित्र झाडे, देवराया, तळी आणि नदीकाठच्या जागा मान्य करतात.

म्हणजे ज्याला कोणी पाहिलेले नाही, त्याची जागा सरकारी दाव्यात दाखल होऊ शकते. गुंदच्या आसमंतातल्या ग्रामसभांनी आपले राखणदार, त्यांच्या हद्दी आणि मानाचे दिवस लिहून काढावेत, ते जुन्याच्या प्रेमापोटी नव्हे, दाव्यासाठी. इतकी वर्षे माणसांनी राखणदाराला मान दिला. आता साक्ष द्यायची पाळी त्याची आहे.