मोटारीचें दुखणें ओळखावें कसें?

वैद्याकडे गेलेला रोगी नुसतें "मला बरें वाटत नाहीं" एवढेंच सांगून गप्प बसला, तर वैद्य कितीहि कुशल असला तरी त्यास औषध देतां यावयाचें नाहीं. कोठें दुखतें, केव्हांपासून दुखतें, जेवणापूर्वीं कीं जेवणानंतर, हें त्याला विचारावेंच लागतें. मोटारीची गोष्ट याहून निराळी नाहीं. फरक इतकाच कीं, मोटारीस वाचा नाहीं. तिच्या वतीनें मालकालाच बोलावें लागतें. मी कांहीं यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे. माझा जन्म मुलांच्या वह्यांतील चुका शोधण्यांत गेला. परंतु चूक शोधण्याची रीत वहीसाठीं एक आणि मोटारीसाठीं दुसरी अशी नसते, हें एका प्रसंगानें मला शिकविलें.

तीन वर्षांपूर्वीं ऐन उन्हाळ्यांत आम्ही साखरप्याहून आंबा घाट चढत होतों. गाडींत मी, पत्नी आणि लहान नात. निम्म्या घाटांत तापमानाचा कांटा तांबड्या रेघेस टेकला आणि बोनेटखालून वाफ येऊं लागली. मीं गाडी कडेस घेतली, पाण्याची बाटली उचलली आणि रेडिएटरच्या झांकणास हात घालणार, तोंच मागून आलेल्या ट्रकच्या चालकानें माझें मनगट धरलें. "काका, हात काढा! तोंड भाजून घ्याल. आधीं गाडी निवूं द्या."

तें झांकण साधें झांकण नव्हे. त्याच्या दाबामुळें आंतील पाणी १०० अंशांवर गेलें तरी उकळत नाहीं. गरम असतांना झांकण उघडलें कीं दाब नाहींसा होतो, आणि तेंच पाणी क्षणार्धांत उकळून अंगावर उसळतें. दाब वाढला कीं उकळण्याचें तापमान वाढतें, हें मीं वर्षानुवर्षें मुलांकडून घोकून घेतलें होतें; परंतु तें ज्ञान ऐन वेळीं माझ्या हातापर्यंत पोहोंचलें नाहीं. त्या चालकाच्या हातापर्यंत मात्र तें पोहोंचलेलें होतें.

गाडी निवेपर्यंत त्यानें मला तीन प्रश्न विचारले. कांटा चढावरच वर जातो कीं सपाटीवरहि? पाणी किती दिवसांनीं भरावें लागतें? आणि गाडीस कधीं गोडूस वास येतो का? पहिल्या दोहोंचीं उत्तरें मला देतां आलीं नाहींत. तिसऱ्याचें उत्तर पत्नीनें दिलें : "आठ दिवस येतोय. मीं यांना सांगितलेंहि होतें." गोडसर वास हा कुलंटचा, म्हणजे तो कोठून तरी गळतो आहे, एवढ्यावरून त्यानें शोध घेतला, आणि रबरी नळीच्या टोंकाशीं, क्लिपेलगत, केंसासारखी चीर सांपडली. तेवढें टोंक कापून त्यानें नळी पुन्हां आवळली, पाणी भरलें. मीं पैसे पुढें केले, तेव्हां तो म्हणाला, "मलाहि असंच कुणीतरी सांगितलं होतं, काका."

श्रोतेहो, आजच्या भाषणाचें सार या एका वाक्यांत आहे. मोटारीचें पुष्कळसें ज्ञान असें एकानें दुसऱ्यास दिलेलें आहे. इंग्लंडांत जॉन हेन्स या गृहस्थानें १९६६ सालीं ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीचें दुरुस्ती-पुस्तक काढलें. गाडी पुरती खोलावयाची, पुन्हां जोडावयाची आणि पायरीपायरीचीं छायाचित्रें छापावयाचीं, ही त्याच्या पुस्तकांची रीत होती. अमेरिकेंत बॉस्टन येथें टॉम व रे माग्लिओझी या बंधूंनीं १९७७ सालीं नभोवाणीवर मोटारींच्या शंकासमाधानाचा कार्यक्रम सुरू केला. १९८७ पासून २०१२ पर्यंत तो देशभर चालला. लोक दूरध्वनीवरून गाडीचा आवाज तोंडानें काढून दाखवीत आणि हे बंधू उलट प्रश्न विचारीत विचारीत दोषापर्यंत पोहोंचत.

या उलट प्रश्नांतच खरी विद्या आहे. चांगला प्रश्न संशयाचें क्षेत्र निम्म्यानें कमी करतो. गाडी सुरूच होत नाहीं, असें समजा. सेल्फ मारल्यावर इंजिन जोरानें फिरतें कीं फिरतच नाहीं? जोरानें फिरत असेल तर बॅटरीस दोष देऊं नये. इंधन किंवा ठिणगी पाहावी. नुसतें टक् टक् होऊन दिवे मंदावत असतील तर बॅटरी उतरली आहे, अथवा तिच्या टर्मिनलवर पांढरी भुकटी सांचून वीज अडली आहे. मीं एकदां या भुकटीकडे न पाहतां नवी बॅटरी विकत घेतली. जुनीस कोमट पाणी, खाण्याचा सोडा आणि जुना ब्रश एवढेंच हवें होतें, हें मागाहून कळलें. मीटर जवळ असल्यास आणखी सोपें. भरलेली बॅटरी गाडी बंद असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असतां सामान्यतः १३.५ ते १४.५ दिसावेत. तसे न दिसल्यास अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासावा.

धूरहि बोलतो. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. तेव्हां आधीं एअर फिल्टर पाहावा. थंडीच्या सकाळीं दोन मिनिटें पांढरें दिसलें तर ती नुसती वाफ. परंतु इंजिन तापल्यावरहि दाट पांढरा धूर येत राहिला आणि कुलंट घटत असेल, तर मिस्त्र्याकडे जाण्यास विलंब लावूं नये. गाडीखालीं स्वच्छ पाण्याचे थेंब असले तर ते बहुधा एसीचे. हिरवे वा गुलाबी असले तर कुलंटचे. हा पदार्थ गोड असला तरी विषारी आहे; मुलें आणि जनावरें यांस त्यापासून दूर ठेवावें.

अलीकडील गाड्या स्वतःच आपला दोष आंकड्यांत सांगतात. अमेरिकेंत १९९६ पासून नव्या मोटारींना एकच समान संकेतपद्धति सक्तीची झाली, आणि आपल्याकडील आजच्या मोटारींतहि स्टिअरिंगखालीं ती खोबण असते. परंतु येथें एक सावधगिरी हवी. संकेत लक्षण सांगतो, कारण नव्हे. पी-०३०१ याचा अर्थ पहिल्या सिलिंडरांत इंधन नीट जळत नाहीं, एवढाच. दोष प्लगचा, कॉइलचा, कीं इंजेक्टरचा? पेट्रोल गाडीस प्रत्येक सिलिंडरची कॉइल निराळी असेल, तर कुशल मिस्त्री पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलींची अदलाबदल करतो. आतां संकेत पी-०३०२ झाला, तर चोर कॉइलच. न बदलला, तर ती निर्दोष. पैसा खर्च न होतां निकाल लागतो. शाळेंत मीं मुलांना सांगत असें कीं, उत्तर चुकलें म्हणून सगळें गणित खोडूं नका. कोणती पायरी चुकली तें पाहा. तोच हा न्याय.

ऐकीव ज्ञानालाहि मर्यादा आहे. दुसऱ्याच्या गाडीस जें लागू पडलें, तें आपल्या गाडीस लागू पडेलच असें नाहीं. म्हणून आधीं तपासावें, मग सुटा भाग बदलावा. आणि ब्रेक व स्टिअरिंग यांच्या बाबतींत घरगुती प्रयोग मुळींच करूं नयेत. ब्रेक दाबतांना किंचाळला तर पॅड झिजत आल्याची ती सूचना समजावी. खरखर घांसल्याचा आवाज आला तर लोखंडावर लोखंड लागलें असें समजून गाडी उभी करावी.

शेवटीं एक विनंति. गाडींत एक दोन आण्याच्या वहीसारखी साधी वही ठेवा. केव्हां, कोठें, कसला आवाज, कसला वास, काय केलें, काय गुण आला, एवढें तारीखवार लिहा. मिस्त्र्यापुढें ती वही धरलीत तर त्याचा वेळ आणि आपला पैसा वांचेल. आणि वाटेंत कोणी बोनेट उघडून उभा दिसला, तर क्षणभर थांबा. त्याचा हात झांकणाकडे जात असेल.