फिशिंग कयाक घ्यायचीय? किमतीच्या आधी हे आकडे बघा

पवना, मुळशी, उजनीच्या पाण्यात कयाकमधून गळ टाकणाऱ्यांचे रील्स आता तुमच्याही फीडमध्ये येत असतील. शॉपिंग साइटवर 'फिशिंग कयाक' सर्च केलं की रॉड होल्डर, कप होल्डर, मोबाइल माउंट अशी लांबलचक यादी दिसते. पण फोन घेताना आपण फक्त कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल बघून थांबत नाही ना? इथेही तसंच आहे. माउंट नंतरही बसवता येतो, कयाकचा आकार मात्र बदलता येत नाही. आणि उलटायची की तरंगायची, हे आकारच ठरवतो.

सिट-ऑन-टॉप की सिट-इनसाइड?

सिट-इनसाइड कयाकमध्ये पाय आत जातात आणि कंबरेभोवती कडा असते. ही उलटली की आत पाणी भरतं आणि खोल पाण्यात ती रिकामी करणं अवघड जातं. सिट-ऑन-टॉपमध्ये आपण वर बसतो. तिच्या तळाला आरपार भोकं असतात, त्यातून आत आलेलं पाणी आपोआप खाली निघून जातं. पडलात तरी पुन्हा वर चढता येतं. म्हणून मासेमारीसाठी, त्यातही नवशिक्यांसाठी, सिट-ऑन-टॉपच बरी.

लांबी आणि रुंदी

लांब कयाक सरळ आणि वेगाने जाते, आखूड कयाक पटकन वळते. वळणावळणाच्या, खडकाळ नदीसाठी साधारण ९ ते १०.५ फूट पुरे. धरणाच्या मोठ्या पाण्यात लांबचं अंतर कापायचं असेल तर ११ ते १३ फूट बघा.

रुंदी म्हणजे स्थिरता. मासा ओढताना आपण एका बाजूला झुकतो, त्यामुळे फिशिंग कयाक साधारण ३२ ते ३६ इंच रुंद असतात. रुंद कयाक थोडी हळू चालते, पण उभं राहून गळ टाकायचा तर रुंदी हवीच.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा: वजनक्षमता

लिस्टिंगमध्ये '१५० किलो' लिहिलं असेल तर तेवढं वजन टाकून आरामात फिरता येईल असं समजू नका. मर्यादेच्या जवळ गेलं की कयाक पाण्यात खोल बसते, जड चालते आणि छोट्या लाटेनेही पाणी आत येतं. सोपा हिशोब म्हणजे लिहिलेल्या आकड्याच्या दोन तृतीयांशच वापरा. १५० किलोच्या कयाकमध्ये एकूण १०० किलो. तुमचं वजन ७५ किलो, रॉड आणि सामान ८, पाणी आणि डबा ४, बॅटरी २, म्हणजे ८९ झाले. उरलेले ११ किलो मासळीसाठी!

कडक प्लास्टिक की हवा भरायची?

कडक प्लास्टिकची कयाक खडकावर घासली तरी सहसा टिकते. पण वजन बऱ्याचदा २५ ते ४० किलो, शिवाय गाडीवर कॅरिअर हवा. दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट असेल तर हवा भरायची कयाक सोयीची, बॅगेत मावते. तिच्यात हवेचे वेगवेगळे कप्पे आहेत का ते नक्की बघा. गळाच्या टोकांना टोपण लावा आणि भर उन्हात काठावर ठेवताना थोडी हवा काढा, कारण गरम हवा प्रसरण पावते.

पायाने चालवायची पेडल कयाक हात मोकळे ठेवते, पण ती महाग आणि जड असते. उथळ पाण्यात किंवा जलपर्णीत तिचा पंखा अडकतो. सुरुवातीला साधं वल्हंच पुरे.

फिश फाइंडर काम कसं करतो?

हा सोनार असतो. तो पाण्यात ध्वनीची लहर सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो. प्रतिध्वनी ०.०२ सेकंदात आला, तर लहर जाऊन-येऊन ३० मीटर फिरली, म्हणजे खोली १५ मीटर. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून लहर चांगली परतते, म्हणून मासा स्क्रीनवर उठून दिसतो.

पण तो तळ्यातलं सगळं दाखवत नाही. लहर शंकूसारखी पसरते. २० अंशांचा शंकू १० मीटर खोलीवर जेमतेम साडेतीन मीटरचं वर्तुळ बघतो. दोरीला बांधून पाण्यात टाकायचे चेंडूसारखे सोनारही मिळतात. ते स्वतःच्या वाय-फायवरून फोनला जोडले जातात, त्यामुळे रेंज नसली तरी चालतात.

फोनची तयारी

- जीपीएसला इंटरनेट लागत नाही. घरीच त्या भागाचा ऑफलाइन मॅप डाउनलोड करा आणि उतरलेल्या जागेवर पिन टाका.
- आयपी६८ फोन पाण्यात तरंगत नाही, बुडतो. वॉटरप्रूफ पाउच वापरा आणि तो दोरीने जॅकेटला बांधा.
- व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन ८ तासांपर्यंत शेअर करता येतं, पण रेंज गेली की ते अपडेट होत नाही. म्हणून कुठून उतरणार आणि कधी परतणार, हे घरी सांगूनच निघा. आपत्कालीन नंबर ११२.

जीव वाचवणाऱ्या गोष्टी

मे २०२४ मध्ये उजनीत कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. धरणाचं शांत पाणी वळवाच्या वाऱ्यात किती लवकर बदलतं, हे त्यातून कळतं. म्हणून एवढं पाळाच:

- लाइफ जॅकेट अंगात, बकल लावून. सीटखाली ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर हाताशी येत नाही.
- उन्हाळ्यात सकाळी लवकर जा, दुपारचे ढग भरून यायच्या आत काठावर या. वारा असेल तर जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर परतणं सोपं होतं.
- वाहत्या पाण्यात नांगर कयाकच्या बाजूला बांधू नका, प्रवाह ती उलटवतो. तो पुढच्या किंवा मागच्या टोकालाच बांधा, आणि दोरी कापायला चाकू जवळ ठेवा.
- पावसाळ्यात धरणाच्या खालच्या नदीत उतरूच नका. विसर्ग सुटला की पाणी झपाट्याने वाढतं.
- पहिल्याच दिवशी काठाजवळ, सोबत कोणी असताना, मुद्दाम पाण्यात पडून परत चढायचा सराव करा.

परवानगी आणि जाळी

महाराष्ट्रात अनेक जलाशयांतले मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, आणि काही धरणांत उतरायलाच बंदी असते. आधी चौकशी करा. पाण्यावर थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने दिसल्या तर खाली जाळं आहे असं समजा आणि लांबून वळा. त्यावर कुणाचं तरी घर चालतं. काठावरच्या मच्छीमार काकांना वारा आणि खोलीबद्दल विचारायलाही विसरू नका.

बजेट कमी पडत असेल तर फिश फाइंडर पुढच्या वर्षी घ्या. लाइफ जॅकेट मात्र कयाकसोबतच घ्या.