लहान जोडीचा हिशेब

दिवाळीत पत्ते पिसले जात नाहीत असे गाव पूर्व विदर्भात शोधूनच काढावे लागेल. सालेकसा परिसरात या दिवसांत हलक्या धानाची कापणी चालू असते, भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरू लागते, रात्री झाडीपट्टीचे नाटक रंगते आणि कुठेतरी आडोशाला तीन पत्तीचा डाव बसतो. तिथे एक वाद हमखास निघतो: पत्ते हा नशिबाचा खेळ की डोक्याचा? हा वाद बहुधा आवाजावर जिंकला जातो. तो हिशेबाने सुटतो का, हे पाहण्यासाठी मी एकच हात निवडला आहे: लहान जोडी. दुर्री-दुर्री, तिर्री-तिर्री, फार तर छक्की-छक्की.

प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. मुंबई प्रांताचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे आणि तो केवळ कौशल्याच्या खेळांना वगळतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ चा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या के. सत्यनारायण खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले, कारण पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि पाने राखण्या-टाकण्यात कसब लागते. त्याच निकालात ‘फ्लश’, ‘ब्रॅग’ अशा नावांनी चालणारा तीन पानांचा खेळ मात्र निव्वळ दैवाचा ठरवला.

आधी तीन पत्ती पाहू. ५२ पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांत ट्रेल ५२, एकाच रंगाचा रन ४८, साधा रन ७२०, कलर १,०९६ आणि जोड्या ३,७४४. उरलेले १६,४४० हात, म्हणजे शेकडा ७४, रिकामे. त्यामुळे समोर एकच गडी असेल तर दुर्रीची जोडीसुद्धा शंभरात ७४ वेळा वरचढ ठरते. समोर चार गडी असतील तर त्या चौघांकडेही काही नसण्याची शक्यता शंभरात सुमारे ३१ उरते. किती जण डावात आहेत, कोण ब्लाइंड खेळतो आहे, कोण पाने पाहून चाल वाढवतो आहे, एवढेच जोखायचे. हूल देण्याला जागा आहे, पण पाने वाटल्यावर नवे पान येत नाही. जोडी लहान आली तर शेवटपर्यंत लहानच राहते. न्यायालयाचे विधान थोडे कडक वाटले, तरी त्यामागचे कारण इथे दिसते.

आता पोकर. त्याच्या ‘टेक्सास होल्डेम’ या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी टेबलावर उघडली जातात: आधी तीन एकदम, मग एक, मग आणखी एक. पहिल्या तिनांना ‘फ्लॉप’ म्हणतात. हातात दोन पाने येण्याचे १,३२६ प्रकार आहेत. त्यांत जोड्या ७८, म्हणजे सतरा डावांत एक. दुर्री ते छक्कीच्या लहान जोड्या फक्त ३०, म्हणजे ४४ डावांत एक.

चौवीची जोडी हातात आहे असे धरा. फ्लॉपवर तिसरी चौवी आली तर तिकडी होते, पोकरच्या भाषेत ‘सेट’. ही शक्यता शेकडा ११.८, म्हणजे जवळजवळ १७ वेळांत २. उरलेल्या १५ वेळा टेबलावर बहुधा एखादा गुलाम, राणी, बादशहा किंवा एक्का येतो आणि चौव्या निष्प्रभ होतात.

फ्लॉप पाहण्यासाठी दर वेळी २० चकत्या द्याव्या लागतात असे समजू. पंधरा फसलेल्या डावांत ३०० चकत्या गेल्या. त्या दोन यशस्वी डावांतून वसूल करायच्या, तर प्रत्येकी १५० हव्यात, म्हणजे दिलेल्या रकमेच्या साडेसातपट. हे झाले नुसते बरोबरीत सुटणे. शिवाय सेट लागला तरी समोरचा दर वेळी पैसे घालत नाही, आणि कधी त्याची तिकडी आपल्याहून मोठी निघते. म्हणून अनुभवी खेळाडू साडेसातपटीवर थांबत नाहीत. समोरच्यापुढे पंधरा ते वीसपट चकत्या शिल्लक आहेत का, ते पाहतात. वीस मागितले आणि समोर शंभरच उरले असतील, तर फक्त तिकडीच्या आशेने खेळणे तोट्याचे.

यातून लहान जोडीचे नियम निघतात. फ्लॉप स्वस्तात मिळत असेल तरच पाहावा. आपली पाळी शेवटी असेल तर उत्तम, कारण इतरांची चाल आधी कळते. मोठी जोडी सोडवत नाही असा हट्टी गडी समोर असावा; भित्र्याकडून वसुली होत नाही. फ्लॉप चुकला आणि समोरून जोराची बोली आली, तर चौव्या मुकाट्याने टाकाव्यात. पणजीच्या मांडवी नदीतल्या कॅसिनोंप्रमाणे जिथे डाव भरवणारा प्रत्येक पॉटमधून आपला वाटा कापून घेतो, तिथे हा हिशेब आणखी घट्ट धरावा लागतो.

तेव्हा पोकरमध्ये पाने नशिबाने येतात. पण तीच चौवीची जोडी कधी खेळायची आणि कधी टाकायची, हे ठरवणे कौशल्याचे आहे. डोक्याच्या बाजूने बोलणारे इथवर बरोबर आहेत.

मात्र हिशेब इथे संपत नाही. लहान जोडी ४४ डावांत एकदा आणि तिला सेट १७ वेळांत दोनदा, म्हणजे दोन्ही एकत्र जुळायला सरासरी ३७६ डाव लागतात. प्रत्यक्ष टेबलावर तासाला तीसेक डाव होतात असे धरले, तर एका सेटसाठी बारा तासांहून अधिक बसावे लागते. मंडईच्या एका रात्रीत कोणाचे कौशल्य सिद्ध होत नाही आणि कोणाचे अज्ञानही उघडे पडत नाही. जिंकलेला माणूस त्याला डोके म्हणतो, हरलेला नशीब म्हणतो. दोघांकडेही पुरावा नसतो.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा कायदा केला, तेव्हा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना कौशल्य आणि दैव हा भेदच बाजूला ठेवला. कायद्याच्या दृष्टीने त्यावर वाद होत राहील. पण धान विकून आलेले पैसे खिशात घेऊन डावावर बसणाऱ्याला त्या वादाचा उपयोग नाही. कौशल्याचा फायदा हजारो डावांनंतर दिसतो; त्याच्या खिशातले पैसे मात्र पन्नास-साठ डावांपुरतेच असतात.