रुग्णसंख्येची मर्यादा

एखाद्या प्रदेशात अमुक इतके रुग्ण आढळले, या विधानाचा अर्थ एवढाच की, ज्यांची तपासणी झाली त्यांच्यापैकी तितक्यांत रोग आढळला. ज्यांची तपासणीच झाली नाही, त्यांच्याविषयी हा आकडा मौन पाळतो.

छत्तीसगढचे उदाहरण पाहा. राज्यातील कोविडचा पहिला रुग्ण मार्च २०२० मध्ये रायपूर येथे आढळला. जुलै २०२१ पर्यंत राज्यातील नोंदलेले रुग्ण सुमारे १० लाख झाले. २०११ च्या जनगणनेतील २ कोटी ५५ लाख लोकसंख्येच्या हिशेबाने हे प्रमाण शेकडा चार भरते. परंतु भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जून-जुलै २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत राज्यातील ७४.६ टक्के व्यक्तींच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. त्यांपैकी काही लसीमुळे निर्माण झाली होती, हे खरे. तथापि देशभरात लस न घेतलेल्यांतही हे प्रमाण सुमारे ६२ टक्के होते.

ही तफावत का पडते? पुष्कळांना लक्षणे जाणवत नाहीत. सौम्य आजाराचा मनुष्य तपासणीस जात नाही. शीघ्र प्रतिजन चाचणीतून काही बाधित निसटतात. शिवाय चाचण्या वाढल्या की रुग्ण वाढल्यासारखे दिसतात आणि त्या घटल्या की साथ ओसरल्याचा भास होतो. प्रयोगशाळेपासून दूर असलेले खेडे कागदावर निरोगी ठरते, आणि खाटा व प्राणवायू यांच्या वाटपात मागे राहते.

म्हणून रुग्णसंख्येसोबत कोणाची, किती जणांची आणि कोणत्या पद्धतीने तपासणी झाली, हेही धोरणकर्त्यांनी विचारले पाहिजे.